वाढत्या अंगाची गिटार नको

पावसाळ्याच्या सुरुवातीला दवाखान्यात गर्दी असते ती सर्दी-तापाची आणि जुलाबाची. गेल्या वर्षी अशाच गर्दीत एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तक्रार अशी, की मुलीचे डावे मनगट दुखते, उजवा खांदा भरून येतो आणि हे तीन महिने चालले आहे. पडल्याचे, मार लागल्याचे काही नाही. ताप नाही, सांध्यांना सूज नाही. मनगटाचा एक्स-रे आधीच काढून झाला होता, त्यात काही निघाले नव्हते. कॅल्शियमच्या दोन बाटल्याही संपल्या होत्या. (आपल्याकडे मुलाचे काहीही दुखले की प्रथम कॅल्शियम सुरू होते, त्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

दुखणे कधी वाढते असे विचारल्यावर आई म्हणाली, "तसं काही ठरलेलं नाही डॉक्टर, केव्हाही दुखतं." मुलगीच हळू आवाजात म्हणाली, "क्लास झाला की." कसला क्लास? तर गिटारचा. आणि मग खाली मान घालून तिने जे सांगितले, ते मला तिच्या दुखण्यापेक्षा जास्त लागले. "सर म्हणतात, माझ्या बोटांत जोरच नाहीये. मला नाही येणार गिटार."

दुसऱ्या दिवशी मी तिला गिटार घेऊनच बोलावले. रुग्णाबरोबर वाद्य तपासण्याची माझी ती पहिलीच वेळ. वडील पिशवी खांद्याला लावून आले, मुलगी स्टुलावर बसली, गिटार मांडीवर घेतली आणि निदान समोर दिसले. गिटारच्या मागून मुलीचे तोंड तेवढे वर दिसत होते. उजवा हात त्या रुंद पोटावरून पलीकडे न्यायचा म्हणून खांदा कानापर्यंत उचललेला. डावा हात शेवटच्या टोकाला पोचावा म्हणून कोपर जवळजवळ सरळ, अंग डावीकडे कललेले आणि तारा दाबण्यासाठी मनगट आत दुमडलेले. बाईंनी धुणे पिळताना मनगट असते तसे. गिटार मोठ्या माणसाची होती, तारा पोलादी होत्या. मुलीची उंची होती १२७ सें.मी.

वडिलांनी प्रामाणिकपणे सांगितले, की दुकानात लहान गिटारही होती. पण दुकानदार म्हणाला, "वाढतं वय आहे साहेब, मोठीच घ्या, कॉलेजपर्यंत टिकेल." आणि त्यांना ते पटले. कोणाला पटणार नाही? आपण गणवेश घेतो तो वाढत्या अंगाचा, खाली चार बोटे दुमड घालून. बूट घेतो तो एक नंबर मोठा, पुढे कापूस कोंबून. मध्यमवर्गीय घरात ही काटकसर पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे आणि मी स्वतः तिच्यातच वाढलो आहे. गिटारला मात्र दुमड घालता येत नाही.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आता तालुक्याच्या गावीही गिटारचे क्लास निघाले आहेत, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांना मुले बसतात, आणि मनगट-खांदा-मान दुखण्याच्या तक्रारी घेऊन जी मुले येतात त्यांत अशी एखादी असतेच. शिवाय वाद्य निवडताना जे पाहायचे ते सगळे शरीराचेच असते.

मूठ आवळून पाहा

वर्तमानपत्र क्षणभर खाली ठेवा. डावे मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. आता तेच मनगट आतल्या बाजूला जितके वाकेल तितके वाकवा आणि तशीच मूठ आवळून पाहा. जोर निघून गेलेला दिसेल. बोटे पूर्ण मिटतसुद्धा नाहीत. कारण असे, की बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातल्या अरुंद बोगद्यातून पुढे बोटांत जातात. मनगट आत दुमडले की या दोऱ्या ढिल्या पडतात आणि बोगद्याच्या काठावर घासतात. ढिल्या दोरीने पाणी शेंदता येत नाही, तसेच हे. मग मूल अधिक जोर लावते, अंगठ्याने गिटारची मान मागून आवळते, आणि अर्ध्या तासाने हात भरून येतो.

म्हणजे त्या मुलीच्या बोटांत जोर नव्हता हे सरांचे म्हणणे खोटे नव्हते. पण जोर बोटांनी हरवलेला नव्हता, मनगटाने हरवलेला होता आणि मनगट गिटारच्या मापामुळे दुमडले होते. सरांनी इतके मागे जाऊन पाहिले नाही, आणि मुलीने दोष स्वतःकडे घेतला. लहान मुले असेच करतात.

दुसरी गोष्ट मुलांच्या बोटांची. या वयात सांध्यांभोवतीचे अस्थिबंध मोठ्या माणसापेक्षा सैल असतात. कठीण किंवा उंच तार दाबताना मुलाच्या बोटाचे शेवटचे पेर मागे वळते, उलट्या कमानीसारखे. हे दिसले की समजावे, तार या हाताला जड जाते आहे. सवय म्हणून ते तसेच राहू दिले तर पुढे सुधारायला फार वेळ जातो.

एक भीती मात्र काढून टाकतो. गिटारमुळे पाठीचा कणा कायमचा वाकडा होईल का, असे त्या आईने विचारले होते. तसे होत नाही. वाकडे बसल्याने पाठ आणि मान दुखते, ते दुखणे खरे असते, पण त्याने कण्याला वाक येत नाही. कण्याचा खरा वाक हा वेगळा आजार आहे. तो दिसलाच तर गिटार बंद करून भागणार नाही, तपासणी करावी लागेल.

कोणती गिटार?

आमच्या पिढीला गिटार म्हटले की विविध भारतीवर लागणारी सिनेगीतांची धून आठवते. व्हॅन शिप्ले यांची ती हवाईयन गिटार. ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवतात, तिचा आजच्या क्लासशी संबंध नाही. आज मुले शिकतात ती उभ्या धरणीची, जिला आपल्याकडे सरसकट स्पॅनिश गिटार म्हणतात. पण तिच्यातही दोन जाती आहेत आणि दुकानात गेल्यावर पहिला घोळ इथेच होतो.

एक पोलादी तारांची. हिची मान अरुंद, आवाज खणखणीत, चित्रपटातला नायक गळ्यात अडकवतो ती. दुसरी क्लासिकल. हिच्या तीन बारीक तारा नायलॉनच्या असतात आणि तीन जाड तारांत आत रेशमासारखे नायलॉनचे धागे, बाहेर धातूची बारीक गुंडाळी असते. पूर्वी या तारा जनावराच्या आतड्याच्या असत. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा केल्या, स्पेनचे थोर वादक सेगोविया यांनी त्या उचलून धरल्या, आणि आतड्याची तार मागे पडली.

मुलाच्या बोटाच्या दृष्टीने यातला फरक मोठा आहे. पूर्ण मापाच्या गिटारवर नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण ४० किलोच्या आसपास असतो. पोलादी तारांचा ताण ७० किलोच्या पुढे जातो, आणि तार बारीक असल्यामुळे ती कातडीत रुतते. विक्रेते सांगतात, की पोलादी तारांच्या गिटारची मान अरुंद म्हणून ती लहान हाताला बरी. अर्धे खरे आहे. मान अरुंद असते हे खरे, पण सात-आठ वर्षांच्या मुलाचे बोट तारेवर टिकलेच नाही तर अरुंद मानेचा उपयोग काय? दहा-अकरा वर्षांपर्यंत क्लासिकलच घ्यावी असे माझे मत आहे. पुढे मुलाला दुसरी हवी झाली तर शिकलेले वाया जात नाही. सुरावट तीच, बोटांच्या जागा त्याच.

पाऊण म्हणजे पाऊण नव्हे

आज आपण पाहतो त्या क्लासिकल गिटारचे माप स्पेनमधील आल्मेरियाच्या आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने रूढ केले. मानेच्या वरच्या पट्टीपासून पोटावरच्या घोडीपर्यंत तारेची जी मोकळी लांबी असते, ती ६५० मि.मी. हेच पूर्ण माप. ते मोठ्या माणसाच्या हातासाठी ठरले आहे. व्हायोलिन शिकवणाऱ्यांनी पुष्कळ आधी ओळखले, की मुलाच्या हाताला मुलाचे वाद्य लागते. व्हायोलिन तर सोळाव्या हिश्शाच्या मापापर्यंत मिळते. गिटारमध्येही पाव, अर्धी, पाऊण आणि सात-अष्टमांश अशी मापे आहेत.

पण या नावांवर जाऊ नका. ६५० चे पाऊण काढले तर ४८७ येते, आणि बाजारातली पाऊण गिटार असते साधारण ५८० मि.मी.ची, म्हणजे पूर्ण मापाच्या जवळजवळ नऊ दशांश. अर्धीही अर्धी नसते. शिवाय हे माप कंपनीगणिक बदलते. यामाहाच्या मुलांसाठीच्या मालिकेत अर्धी ५३५ मि.मी.ची आणि पाऊण ५८० ची आहे. कॉर्डोबा या अमेरिकन कंपनीची अर्धीच ५८० ची आणि पाऊण ६१५ ची. म्हणजे एकाची अर्धी ती दुसऱ्याची पाऊण! आपल्याकडे स्थानिक दुकानांत नाव नसलेल्या ज्या गिटार येतात, त्यांच्यावर तर काहीच लिहिलेले नसते.

यावर उपाय सोपा आहे. खिशात शिंप्याची टेप घेऊन जा. तारा जिथून सुरू होतात त्या वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि त्याची दुप्पट करा. पडदे म्हणजे मानेवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्या, सतारीला असतात तशा. क्लासिकल गिटारमध्ये बहुधा मान आणि पोट मिळतात तिथेच बारावा पडदा असतो. आलेली दुप्पट म्हणजे तुमच्या गिटारचे खरे माप. दुकानदार चमकून पाहील, पाहू द्या.

थोड्या मि.मी.नी एवढा काय फरक पडतो, असे वाटेल. पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर पाहा, कारण पहिल्या वर्षी चार बोटांना एवढाच पल्ला राखायचा असतो. ६५० च्या गिटारवर हे अंतर ९८ मि.मी. भरते, ५८० वर ८७, ५३५ वर ८० आणि ४८० च्या पाव गिटारवर ७२. तुमच्या मुलाची तर्जनी आणि करंगळी किती फाकते ते पट्टीवर मोजा, म्हणजे हा एक-दीड सेंटिमीटर किती महाग आहे ते कळेल. मानेची रुंदीही कमी होते. पूर्ण गिटारची मान वरच्या टोकाला ५२ मि.मी.च्या आसपास असते, लहानांची ४८ च्या.

उंचीचा अंदाज ढोबळमानाने असा धरावा. ११५ सें.मी.पर्यंतच्या मुलाला पाव, त्यापुढे १३० पर्यंत अर्धी, १३० ते १४५ पर्यंत पाऊण, त्यापुढे १५५ पर्यंत सात-अष्टमांश आणि मग पूर्ण. सात-अष्टमांश आपल्या भागात सहजी मिळत नाही. ती नाही मिळाली तर पाऊणवरच आणखी काही महिने काढावेत, घाई करू नये. वयावर जाऊ नये हे मात्र नक्की. पाचवीच्या एकाच बाकावर १२५ चे आणि १४८ चे मूल शेजारी बसलेले असते.

दुकानात मूल घेऊन जा

वाढदिवसाला अचानक भेट द्यायची म्हणून मुलाला न नेता गिटार आणणारे आईबाप मी पाहिले आहेत. हौस समजू शकतो, पण चप्पल आपण पायात घालून पाहतो ना?

मुलाला बिनहाताच्या खुर्चीवर बसवा. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. डाव्या पायाखाली काही ठेवून तो पाय थोडा उंच करा आणि गिटारची कंबर डाव्या मांडीवर ठेवा. क्लासिकलची बैठक ही. आता समोरून पाहा. उजवा हात कोपराच्या अलीकडे गिटारच्या काठावर टेकतो का, आणि टेकताना खांदा खाली राहतो का? आरशात दोन्ही खांदे एका रेषेत दिसले पाहिजेत. उजवा वर गेला की गिटारचे पोट मोठे आहे, मग मानेचे माप कितीही बरोबर असो. नंतर डावा हात पहिल्या पडद्याशी न्या. कोपर वाकलेले राहिले पाहिजे. हात सरळ ताणला जात असेल तर गिटार लांब आहे.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची परीक्षा करंगळीची. तर्जनी पहिल्या पडद्यामागे, मधले बोट दुसऱ्या, अनामिका तिसऱ्या आणि करंगळी चौथ्या पडद्यामागे, चारही एकाच तारेवर, ठेवायला सांगा. मधल्या तारांपैकी एखादी तार घ्या. मनगट न दुमडता, बोटांची पेरे उलटी न होता हे जमले पाहिजे. थोडे ओढल्यासारखे वाटले तर हरकत नाही, महिन्याभरात हात सैलावतो. पण करंगळी ठेवली की तर्जनी सुटते असे होत असेल तर एक माप खाली या. दोन मापांत शंका असेल तेव्हाही लहान घ्या. लहान गिटार वाजवल्याने कोणाचा हात दुखल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मग वाद्याकडे वळा. बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजा. सर्वांत बारीक तार पडद्यापासून अडीच ते तीन मि.मी. आणि सर्वांत जाड तार तीन ते साडेतीन मि.मी. असावी. यापेक्षा उंच असेल तर दाबायला जास्त जोर लागतो. स्वस्तातल्या लहान गिटारींचा मोठा दोष हाच असतो, आणि माप बरोबर असूनही मूल हात चोळत बसते. जाणकार दुरुस्तीवाला घोडीवरची पांढरी पट्टी खालून घासून तार खाली आणू शकतो, काम थोड्या वेळाचे आहे. सूरही पाहावा. मोकळी तार छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. दुसरा स्वर पहिल्याचाच वरच्या सप्तकातला असला पाहिजे. कान तयार नसेल तर मोबाईलवर स्वर दाखवणारी मोफत सोय मिळते, तिच्यावर दोन्ही वेळा एकच नाव यायला हवे. फरक मोठा आला तर ते वाद्य नव्हे, खेळणे. खेळण्याच्या दुकानातल्या रंगीत गिटारी मी याच कारणाने घेऊ देत नाही. मूल बरोबर वाजवते आणि तरी बेसूर ऐकते.

तारांविषयी एक बारीक गोष्ट. मोठ्या गिटारच्या तारा लहान गिटारवर चढवून त्याच स्वराला मिळवल्या, तर ताण लांबीच्या वर्गाच्या हिशेबाने उतरतो. ५८० च्या गिटारवर तो पाचव्या हिश्शाने कमी होतो, ५३५ वर जवळजवळ एक तृतीयांशाने. बोटाला हे सुखाचे, पण जाड तारा सैल पडून खडखडतात आणि पालक म्हणतात, गिटारच वाईट लागली. लहान मापासाठी वेगळ्या तारा मिळतात. त्या नाही मिळाल्या तर अधिक ताणाच्या तारांचा संच मागावा.

ज्यांच्या घरी थोरल्या भावाची पूर्ण मापाची नायलॉनची गिटार आधीच आहे त्यांच्यासाठी एक तोडगा सांगतो. कॅपो नावाचा चिमटा दुसऱ्या पडद्यावर लावला, की उरलेली तार ५७९ मि.मी.ची होते, म्हणजे पाऊण गिटारच. स्वर एका पूर्ण सुराने चढतो, घरच्या सरावाला चालते. पोट मात्र मोठ्याचेच राहते, त्यामुळे खांद्याची परीक्षा इथेही घ्यावीच लागते. फार लहान, पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर पहिले वर्ष उकुलेलेवर काढायलाही हरकत नाही. चार नायलॉनच्या तारांचे ते वाद्य मांडीत सहज मावते.

पाट, खुर्ची आणि घड्याळ

डाव्या पायाखाली ठेवायला घडीचे लोखंडी पायठाण मिळते. घरातला जेवायचा पाट, त्यावर गरज पडली तर एखादे जाड पुस्तक, एवढ्याने काम भागते. वाईट काय, तर पलंगावर बसून वाजवणे, हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत वाजवणे आणि मांडी घालून वाजवणे. सतार-तबल्यामुळे आपल्याला वाटते की वाद्य म्हणजे मांडी घालूनच. पण मांडी घातली की गिटार खाली सरकते आणि तिच्यावर झुकून पाहण्यासाठी मूल पाठीचे धनुष्य करते.

सहा-सात वर्षांच्या मुलाने एका वेळी दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा वाजवावे. दहा-अकराव्या वर्षी पंचवीस मिनिटे झाली की पाच मिनिटे हात खाली सोडून घरात फिरावे. परीक्षेच्या आठवड्यात एकदम दोन-दोन तास बसवणे हे दुखण्याला आमंत्रण. घरी आठवड्यातून एकदा एक गंमत करा. मुलाला एखादा स्वर धरायला सांगा आणि डावा अंगठा मानेवरून अलगद उचलायला लावा. स्वर क्षणभर तरी टिकला पाहिजे. लगेच मेला तर मूल अंगठ्याने गिटार आवळते आहे.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बोटांची टोके हुळहुळतात, मग तिथली कातडी घट्ट होते. त्याला औषध नको, मलम तर नकोच. पण वाजवणे थांबवल्यावरही मनगट किंवा कोपर तासन्‌तास दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल, करंगळीला मुंग्या येत असतील किंवा सांधा सुजला असेल, तर आठवडाभर वाजवणे बंद करून डॉक्टरांना दाखवा. दुखते त्यावर जोर करून बोटे तयार होत नाहीत. प्रख्यात संगीतकार शुमान यांचा उजवा हात १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला तरुणपणीच निकामी झाला आणि पियानोवादक होण्याचे त्यांचे स्वप्न संपले. नेमके काय झाले यावर वैद्यकात अजून वाद आहे, पण बोटे मजबूत करण्याचा त्यांचा खटाटोप त्या कथेत सगळेच सांगतात.

लाकडाविषयी थोडक्यात. अखंड लाकडाच्या पोटाची महाग गिटार मुलाला नको. आपल्याकडे वैशाखात हवा इतकी कोरडी होते, की दारे-खिडक्यांच्या फळ्या उकलतात, आणि आषाढात तीच दारे फुगून बसतात. थरांच्या लाकडाची गिटार हे सारे बरे सोसते. ती पत्र्याखाली, माळ्यावर किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये, एवढे पुरे. आणि मूल दोन-तीन वर्षांत ती सोडणार हे धरूनच खर्च करा. पुस्तके जशी खालच्या वर्गातल्या मुलाला देतो, तशा लहान गिटारी क्लासमध्येच हातोहात फिरल्या तर सगळ्यांचीच सोय होते. सरांनी पुढाकार घेतला तर सहज होईल.

त्या मुलीची हकीकत राहिली. तिच्या वडिलांनी शहरात जाऊन ५८० ची आणि ५३५ ची, अशा दोन्ही गिटारी तिला मांडीवर घेऊन पाहायला लावल्या. ५८० वर करंगळी ठेवली की मनगट आत वळत होते, म्हणून ५३५ ची आणली. दोन आठवडे हाताला पूर्ण विश्रांती, मग दिवसाला दहा मिनिटे. मनगटाचे दुखणे दीड महिन्यात गेले. खांद्याला तीन महिने लागले, कारण दुखणे गेले तरी खांदा उचलण्याची सवय जाईना. आईने समोर आरसा ठेवला तेव्हा ती गेली. परीक्षा तिने स्वतःहून एक सत्र पुढे ढकलली आणि दिली.

मागच्या आठवड्यात ती धाकट्या भावाच्या लसीसाठी आईबरोबर आली होती. उंची आता १३३. वडिलांनी फोनवर विचारले होते, मोठी गिटार भिंतीला टांगलेली आहे, तारा बदलून ती आता द्यायची का? मी तिला टेबलावरच्या पट्टीवर तर्जनी आणि करंगळी फाकायला सांगितली. ८९ मि.मी. भरले. पाऊण गिटारला पुरे, मोठीला नाही. "अजून नाही," असे तिनेच वडिलांना फोन करून सांगितले.